व्हील आर्चमधला अंधार

मावळतीला तोंड केलेला घाटमाथा, पुढ्यात काळी थार आणि सूर्य गाडीच्या पाठीशी. डिसेंबरच्या सुरुवातीला मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हे दृश्य नुसत्या डोळ्यांना झकास दिसतं. कॅमेऱ्याने एकच फोटो काढला की दोनांपैकी एक काहीतरी हाती येतं. एक तर आकाश नारिंगी आणि गाडी काळ्या कागदातून कातरल्यासारखी, नाहीतर गाडी व्यवस्थित आणि आकाश पांढरं फटक. अशा एका संध्याकाळी आम्ही एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक फोटो, कसं केलं, कुठे चुकलं आणि का, ते इथे क्रमाने सांगतो. गाडी तीन दारांची थार होती, पण गुरखा, जिम्नी किंवा जुनी जिप्सी असती तरी आकड्यांत फार फरक पडला नसता.

पहिलं काम मोजमापाचं. कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर, म्हणजे एका छोट्या ठिकाणापुरताच उजेड मोजणारा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८. सूर्याच्या बाजूच्या आकाशासाठी शटर उघडं ठेवण्याचं माप आलं १/१००० सेकंद. गाडीच्या आपल्याकडच्या, म्हणजे सावलीतल्या, अंगाचं १/१५. आणि पुढच्या चाकावरच्या व्हील आर्चमध्ये, जिथे शॉक ॲब्सॉर्बर आणि चिखलाचे पोपडे दिसायला हवेत, तिथलं १/२ सेकंद. १/१००० पासून १/२ पर्यंत दर पायरीला उजेड दुप्पट करत गेलं तर नऊ पायऱ्या होतात. या पायरीलाच स्टॉप म्हणतात.

आता इथे एक प्रामाणिक मुद्दा. आजचा चांगला फुल फ्रेम सेन्सर कमी आयएसओला १३-१४ स्टॉप पकडतो, त्यामुळे हिशेबाने हे दृश्य एकाच रॉ फाइलमध्ये (सेन्सरने जसं टिपलं तसंच ठेवणारी फाइल) मावतं. आकाश जळू नये इतकं एक्स्पोजर ठेवायचं आणि सावल्या नंतर चार-पाच स्टॉप वर ओढायच्या. मावतं, पण तळाच्या तीन-चार स्टॉपमध्ये जे मावतं त्यात दाणे असतात आणि काळ्यावर हिरवट-जांभळी झाक चढते. ऑफरोड गाडीत नेमकं महत्त्वाचं सामान त्याच तळात असतं: टायरच्या गुट्ट्या, काळं प्लास्टिक क्लॅडिंग, डिफरन्शियलचा गोळा, टो हुक. सेडानचा फोटो असता तर आम्ही ब्रॅकेटिंगच्या, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात ओळीने टिपण्याच्या, भानगडीत पडलो नसतो.

उलट पावसाळ्यात, ढग पूर्ण भरून आलेले असताना, हेच माप घेऊन पाहा. आकाश आणि व्हील आर्च यांच्यात चार-पाच स्टॉपच निघतात. तेव्हा एक रॉ फाइल पुरते. जून ते सप्टेंबर एचडीआर करणारे लोक बहुतेक वेळा सवयीने करतात, गरजेने नाही.

गाडी उभी करण्यात वेळ घालवावा लागतो, कारण एकदा ट्रायपॉड लागला की गाडी हलवणं म्हणजे सगळं पुन्हा. थारची लांबी ३९८५ मिमी, म्हणजे चार मीटर धरा. गाडी आडवी धरून फ्रेमच्या दोन-तृतीयांश रुंदीत बसवायची असेल तर फुल फ्रेम कॅमेऱ्याला ३५ मिमी लेन्सने साधारण ६ मीटर, ५० मिमीने ८ मीटर आणि ८५ मिमीने १४ मीटर मागे जावं लागतं. घाटमाथ्यावर १४ मीटर मागे जाताना पायाखाली काय आहे ते आधी पाहून या. आम्ही बहुतेक फ्रेम ५० मिमीवर घेतो. २४ मिमीने जवळून काढलं की पुढचं चाक भोपळ्यासारखं फुगतं आणि मागचं मुलाच्या सायकलचं वाटतं.

कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून ६० ते ७० सेंटीमीटर, म्हणजे चाकाचा हब आणि हेडलाइट यांच्या मधोमध. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून ऑफरोड गाडी बुटकी दिसते आणि २२६ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स कुणाला कळतच नाही. खाली बसलं की गाडी क्षितिजाच्या वर येते, मागे अर्धी फ्रेम आकाश भरतं, आणि त्या आकाशामुळेच एचडीआरची वेळ येते. हे दोन्ही एकत्रच येतं, त्याला इलाज नाही.

चढावर किंवा दगडावर चाक चढवून फोटो काढायचा असेल तर कॅमेऱ्यातली लेव्हल चालू ठेवा आणि कॅमेरा क्षितिजाला समांतरच राहू द्या. गाडी तिरकी दिसते म्हणून हात नकळत कॅमेराही तेवढाच तिरका करतो, आणि १५ अंशांचा चढ फोटोत सपाट रस्ता होतो. फ्रेममध्ये एखादं सरळ झाड किंवा दूरचं पठार आलं तर उतार वाचता येतो. एक चाक हवेत असेल तर पहिला गिअर, हँडब्रेक आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, तिन्ही हवेत. ब्रॅकेटिंगच्या मध्ये गाडी दोन मिलिमीटर जरी बसली तरी पाच फ्रेम एकमेकींवर नीट बसत नाहीत. सस्पेन्शन दाबलेलं असेल तर गाडी थांबल्यावर मिनिटभर थांबायचं. शॉक ॲब्सॉर्बर आणि मऊ मातीतली चाकं सावकाश बसतात.

इंजिन बंद. हे सांगायची गरज वाटत नाही, पण हीच चूक सर्वांत जास्त होते, विशेषतः ड्रायव्हर आत एसी लावून बसलेला असेल तेव्हा. डिझेल इंजिनाच्या थरथरीने १/४ सेकंदाच्या फ्रेममध्ये आरसे आणि अँटेना दुहेरी येतात, आणि बॉनेटवरून निघणाऱ्या गरम हवेने मागचे डोंगर लहरतात. इंजिन बंद केल्यावरही ती हवा काही मिनिटं निघत राहते. ड्रायव्हरला खाली उतरवा. अँटेना स्क्रूची असेल तर काढूनच ठेवा.

चिखलाबद्दल. ओला चिखल चमकतो आणि वाळलेला फिकट पडतो. ओढ्यातून गाडी आणली की उन्हात पंधरा-वीस मिनिटांत तो काळपट तपकिरीचा राखाडी होतो. आम्ही अर्ध्या लिटरची फवारणीची बाटली ठेवतो आणि प्रत्येक सेटच्या, म्हणजे ब्रॅकेटिंगच्या पाच फ्रेमच्या, आधी फक्त दारांखालचा आणि चाकांवरचा चिखल ओला करतो. काच, हेडलाइट आणि बोनेटचा पुढचा भाग मात्र कापडाने पुसून स्वच्छ. सगळीकडे चिखल असला की गाडीचा आकारच हरवतो. नंबरप्लेटचा पत्रा उजेड आला त्याच दिशेने परत फेकतो, म्हणून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरलात तर तिथे पांढरा चौकोन मिळेल. फ्लॅश नसेल तर प्रश्न नाही. नंबर तसाही नंतर पुसायचाच असतो.

पोलरायझर. हा फिल्टर आणि एचडीआर यांची कामं वेगळी आहेत आणि लोक एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला जातात. बोनेटवर किंवा समोरच्या काचेवर आकाशाचं प्रतिबिंब पडलं असेल तर त्याखालचा रंग कोणत्याच फ्रेममध्ये नोंदला जात नाही. पाचाच्या पंधरा फ्रेम घेतल्या तरी प्रतिबिंबच मिळेल, कमी-जास्त उजेडात. ते घालवतो पोलरायझर. रंगावरची लॅकर आणि काच यांच्यावर तो चालतो, क्रोमवर चालत नाही. पूर्ण फिरवून सगळं प्रतिबिंब मारलं तर बोनेट रबरासारखं मेलेलं दिसतं, म्हणून अर्ध्यावर थांबायचं. बाजूच्या काचा टफन केलेल्या असतात, त्यांच्यावर पोलरायझरमधून कधी कधी ठिपक्यांची नक्षी उमटते. ती दिसली तर फिल्टर थोडा फिरवून पाहायचा, नाहीतर काचा खाली घ्यायच्या. फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे १/४ ची फ्रेम थेट एका सेकंदाला जाते आणि वाऱ्यात गवत पुसट होतं. एका सेटमध्ये फिल्टरला हात लावायचा नाही, हे ओघाने आलंच.

आता कॅमेऱ्याची मांडणी. मोड मॅन्युअल, किंवा ॲपर्चर प्रायॉरिटी. बदलायचा तो फक्त शटर. ॲपर्चर बदललं तर प्रत्येक फ्रेममध्ये फोकसची खोली वेगळी होते आणि कडा जुळत नाहीत. एफ ८ ला, ५० मिमी लेन्सने ८ मीटरवर फोकस केलं तर साधारण साडेचार मीटरपासून पस्तीसेक मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं, म्हणजे गाडी पूर्ण आणि मागचा कडाही बऱ्यापैकी. फोकस हेडलाइटवर घेऊन मग मॅन्युअलवर टाकायचं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा उबदार-थंड समतोल) ठरावीक. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. रॉ. आणि ऑटो आयएसओ बंद. हे शेवटी लिहिलं असलं तरी आधी तपासा. ऑटो आयएसओ चालू राहिला तर कॅमेरा शटर बदलतो आणि आयएसओने ते भरून काढतो. पाचही फ्रेम जवळपास सारख्याच उजेडाच्या निघतात आणि घरी येईपर्यंत ते लक्षात येत नाही. त्या संध्याकाळचा पहिला सेट असाच वाया गेला.

आमच्या पाच फ्रेम: १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४. दोन-दोन स्टॉपचं अंतर. एका स्टॉपच्या अंतराने नऊ फ्रेम घेणारे भेटतात. रॉ फाइलमध्ये दोन स्टॉपचं अंतर आरामात पुरतं, जास्त फ्रेम म्हणजे हलणाऱ्या गवताला जास्त संधी. व्हील आर्चचं माप १/२ असताना आम्ही १/४ लाच थांबलो, कारण मीटर माप देतो ते मध्यम राखाडीचं, आणि तो भाग तितका उजळायचाच नाही. एक स्टॉप गडद राहिला तरी आतलं सगळं वाचता येतं.

ज्या कॅमेऱ्यात पाच फ्रेमचं ब्रॅकेटिंग दोन स्टॉपवर मिळत नाही, त्यात शटरची चकती हाताने फिरवा. बहुतेक कॅमेऱ्यांत एक क्लिक म्हणजे एक-तृतीयांश स्टॉप, म्हणून दर फ्रेमला सहा क्लिक. बोटांनी कॅमेरा हलतो, तेव्हा दर वेळी दोन सेकंदांचा टायमर. ब्रॅकेटिंगचा क्रम गडदापासून उजळाकडे लावलेला बरा. प्रत्येक सेटच्या आधी लेन्ससमोर तळहात धरून एक फ्रेम घ्यायची. चारशे सारख्या दिसणाऱ्या फाइलींत कुठला सेट कुठे सुरू झाला ते त्या तळहातावरून कळतं.

ट्रायपॉडची मधली नळी वर काढू नका. घाटमाथ्यावर चारनंतर वारा असतोच. वजनासाठी बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली, नाहीतर ती स्वतःच झोपाळा होते.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलला जाणारा दोष म्हणजे उजेडाची गळती. १/४ च्या फ्रेममध्ये आकाश आठ स्टॉप जास्त उघडं पडतं. तो उजेड लेन्सच्या काचांमध्ये आपटून गाडीच्या छताच्या कडेवर, रूफ रॅकवर आणि स्नॉर्कलवर (इंजिनाला हवा देणारी उंच नळी) पसरतो. एकत्र केल्यावर त्या कडेला धुरकट पांढरी किनार दिसते, आणि लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. उपाय जुना आणि फुकटचा आहे: काळ्या जाड कागदाचा तुकडा घेऊन शेवटच्या दोन फ्रेमसाठी लेन्ससमोर वरून धरायचा, म्हणजे आकाशाचा भाग झाकला जाईल. या दोन फ्रेममधलं आकाश तसंही टाकूनच द्यायचं असतं. कागद लेन्सपासून १०-१५ सेंटीमीटरवर धरला तर त्याची कड धूसर राहते आणि फ्रेममध्ये रेघ उमटत नाही. मात्र मग आपोआप मर्ज करणाऱ्या, म्हणजे फ्रेम जोडणाऱ्या, सॉफ्टवेअरचा गोंधळ होतो, त्यामुळे या फ्रेम थराने, मास्कने (हवा तेवढाच भाग दिसू देणारा पडदा) बसवाव्या लागतात. लेन्स आधी पुसा. ऑफरोडच्या धुळीचा पातळ थर हीच गळती दुप्पट करतो.

सूर्य बुडाल्यावर हिशेब बदलतो. आकाश भराभर उतरतं, गाडीवरचा उजेड त्यामानाने हळू, आणि दहाएक मिनिटांत नऊ स्टॉपचे सहा होतात. तेव्हा तीन फ्रेम पुरतात. दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. कामाचा उजेड त्यानंतर वीसेक मिनिटंच असतो. गाडीचे दिवे लावायचे ते याच वेळी आणि फक्त पार्किंगचे. हेडलाइट लावला की मोजमापात नवं टोक उभं राहतं. एलईडी दिवे प्रत्यक्षात वेगाने लुकलुकत असतात. १/१००० ला ते एखाद्या फ्रेममध्ये विझलेले आणि पुढच्यात पेटलेले येतात, मग डीघोस्टिंग (फ्रेमांत हललेल्या गोष्टी काढायची सॉफ्टवेअरमधली सोय) त्या जागी चट्टा करून ठेवतं. दिव्यांसाठी १/३० किंवा त्याहून सावकाश एक वेगळी फ्रेम घेऊन ती नंतर बसवणं सोपं.

चालत्या गाडीचं ब्रॅकेटिंग होत नाही. धुरळा उडवत येणारी गाडी हवी असेल तर आकाश जळणार नाही असं एकच एक्स्पोजर घ्या आणि रॉमध्ये सावल्या उचला. एका रॉ फाइलच्या उजळ, मध्यम, गडद अशा तीन प्रती काढून त्यांचं एचडीआर करण्याचा प्रकार मात्र सोडून द्या. फाइलमध्ये जे नाही ते तीन प्रती केल्याने येत नाही. मूळ रॉवरचे स्लायडर तेच काम स्वच्छपणे करतात. फोनचं एचडीआर ही वेगळी गोष्ट आहे. गूगलच्या एचडीआर प्लसची मूळ पद्धत सारख्याच कमी एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम भराभर घेऊन त्यांची सरासरी काढते, त्यातून दाणे जातात आणि मग सावल्या उचलता येतात. हातात धरलेल्या फोनने हलत्या गाडीसाठी ती आमच्या पाच फ्रेमपेक्षा सरस ठरते.

घरी आल्यावर. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंतून दृश्यातला खरा उजेड परत मांडण्याची, आज सर्वत्र वापरली जाणारी गणिती पद्धत डेबेव्हेक आणि मलिक यांनी १९९७ मध्ये मांडली. दोन निगेटिव्ह जोडून समुद्र आणि आकाश एकत्र छापायची युक्ती तर गुस्ताव ल ग्रे १८५० च्या दशकातच करत होता. आज लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच फाइली निवडून फोटो मर्ज, एचडीआर. ऑटो अलाइन चालू, ऑटो सेटिंग्ज बंद, डीघोस्ट आधी शून्यावर. गवत फारच हललं असेल तरच लो. हाय केलं की सॉफ्टवेअर मोठाले तुकडे एकाच फ्रेममधून उचलतं आणि सावलीत दाण्यांचे ठिगळ दिसतात. मिळणारी डीएनजी फाइल जवळपास रॉसारखीच वागते, फक्त तिला सावल्यांत भरपूर जागा असते.

फुकटात करायचं तर ह्युगिन या सॉफ्टवेअरबरोबर येणारं एन्फ्यूज चांगलं. ते उजेडाचा नकाशा बनवत नाही. प्रत्येक फ्रेममधला नीट एक्स्पोज झालेला भाग उचलून मिसळतं. रंग साधे राहतात आणि तो प्लास्टिकचा चकचकाट येत नाही. आधी ह्युगिनमधल्याच अलाइन इमेज स्टॅकने फ्रेम जुळवून घ्या. फोटोमॅटिक्स हे एचडीआर सॉफ्टवेअर वापरत असाल तर डिटेल्स एन्हान्सरचा जोर निम्म्याच्याही खाली ठेवा.

स्लायडरचे आमचे आकडे साधारण असे: हायलाइट उणे ५०, शॅडो अधिक ३०, ब्लॅक उणे १०, क्लॅरिटी (बारीक तपशिलांचा ठसठशीतपणा) १५ च्या पुढे नाही. क्लॅरिटी ५० वर नेली की चिखलाचा प्रत्येक कण ओरडू लागतो आणि छताभोवती तेजोवलय उभं राहतं, गणपतीच्या मखरासारखं. ते दिसलं तर आकाश मास्क करून तिथे १/१००० च्या फ्रेममधलंच आकाश बसवायचं.

आणि गाडीखालची सावली उचलायची नाही. चाकं जमिनीला टेकतात तिथला काळा पट्टाच गाडीला वजन देतो. तो राखाडी झाला की दीड टनाहून जड गाडी हवेत तरंगते. आम्ही व्हील आर्चला एक मास्क लावून तेवढाच भाग एक-सव्वा स्टॉप उचलतो आणि पोटाखालचा भाग तसाच सोडतो. शॉक ॲब्सॉर्बरची स्प्रिंग ओळखता आली की थांबायचं. टायर राखाडी दिसायला लागला तर पुढे गेलो असं समजून मागे यायचं.

लाल गाडी असेल, किंवा कोकणात जांभ्याच्या सड्यावर फोटो असेल, तर हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असताना लाल चॅनल आधीच कापला गेलेला असतो आणि मर्ज केल्यावर बोनेट नारिंगी, डाग पडल्यासारखं येतं. अशा वेळी सर्वांत गडद फ्रेम आणखी एक स्टॉप गडद घ्या, म्हणजे १/२०००, आणि नंतर लाल रंगाचं सॅच्युरेशन दहाने कमी करा. पांढरी गाडी सावलीत निळी पडते. तिथे गाडीपुरताच व्हाइट बॅलन्स थोडा उबदार करावा लागतो.

आकाशातले काळसर ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. पाच फ्रेम एकाच जागी आणि ठिपकाही एकाच जागी, त्यामुळे मर्जमध्ये तो पुसला जात नाही, उलट क्लॅरिटीने ठळक होतो. पायवाटेवर लेन्स बदलू नका. बदलायचीच तर गाडीच्या काचा लावून आत बसून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला.

मर्ज केलेली फाइल झाली तरी मूळ पाच रॉ पुसू नका. छतावरची किनार कुठून आली, दिवा कुठल्या फ्रेममध्ये विझला होता, हे मोठा प्रिंट काढताना कळतं, आणि तेव्हा दुरुस्तीला लागते ती १/१५ ची सुटी फ्रेम.